आत्याच्या नावापुढचं शून्य

भाचीच्या संशोधनाचा विषय ठरला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आत्याला झाला होता. निवडून आलेल्या बायका सभागृहात किती आणि काय बोलतात, हे भाची मोजणार होती. आणि आत्या तर नगरपालिकेत अकरा वर्षं सदस्य होती. घरात तिला अजूनही सगळे 'मेंबर' म्हणायचे, पण त्यात कौतुक कमी आणि चेष्टाच जास्त. नवऱ्यानं उभं केलं, नवऱ्यानंच निवडून आणलं, ही आपली सभेत मूग गिळून बसायची आणि चहा पिऊन घरी यायची, असं तिचे दीर तिच्यासमोरच सांगायचे. आत्याही हसण्यावारी न्यायची.

भाचीनं दोन वर्षं नगरपालिकेच्या तळघरात बसून जुन्या सभांची इतिवृत्तं चाळली. धुळीनं नाक चोंदायचं, वाळवीनं खाल्लेली पानं जपून उलटावी लागायची. कोण किती वेळा बोललं, याच्या रेघा ती वहीत मारत जायची. पुरुष सदस्यांची पानंच्या पानं भरली. आत्याच्या नावापुढे मात्र दर वेळी एकच शब्द, 'उपस्थित'. 'म्हणाल्या' असं एकदाही नाही. भाचीला वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. लहानपणापासून घरात जे ऐकलं, तेच कागदात निघालं होतं. नाव न घेता तिनं प्रबंधाच्या एका प्रकरणात लिहून टाकलं, की एका महिला सदस्यानं अकरा वर्षांत तोंडातून ब्र काढला नाही. ते प्रकरण लेख म्हणून एका मासिकात छापून आलं आणि वडिलांनी मोठ्या अभिमानानं ते बहिणीला पाठवलं. आत्याचा फोन आला. छान लिहिलंयस म्हणाली, तब्येतीला जप म्हणाली आणि ठेवला.

पुढे एका समितीची माहिती जुळेना, म्हणून भाची त्या काळी इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनांकडे गेली. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, मोतीबिंदूनं दिसत कमी होतं. तिनं सदस्यांची यादी वाचून दाखवली. आत्याचं नाव येताच त्यांनी तिला थांबवलं.

"या तर दर सभेला बोलायच्या."

भाचीला वाटलं त्यांचा घोटाळा होतोय. पण त्यांनी खडान् खडा सांगितलं. टेकडीवरच्या वस्तीचा नळ, बाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह, शाळेच्या वाटेवरचा दिवा. उभ्या राहिल्या की त्यांचा आवाज कापायचा, पण मुद्दा सोडायच्या नाहीत.

"मग लिहिलं का नाही, काका?"

"अध्यक्ष म्हणायचे, बाईंचं घरगुती गाऱ्हाणं आहे, ते कशाला लिहिता. मी पेन खाली ठेवायचो. पुढच्या सभेत तेच कुणी पुरुष मांडायचा, ते लिहायचो. एकदा बाईंनीच मला विचारलं होतं, माझं का लिहिलं नाही. मी म्हटलं, चुकून राहिलं असेल."

भाची तिथून तडक आत्याकडे गेली. आत्या पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. सगळं ऐकेपर्यंत तिनं हातातली उशीची खोळ खाली ठेवली नाही.

"तो कारकून तसं म्हणाला?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "मला आठवायचं गं, की मी उभी राहायचे आणि पाय लटपटायचे. पण घरात सगळे म्हणायचे, तू कुठं बोलतेस. मग तुझा लेख आला. म्हटलं, एवढी शिकलेली पोर दोन वर्षं कागद वाचून सांगतेय, म्हणजे नसेनच बोलले मी. मनातल्या मनात बोलले असेन."

"आत्या, मी आधी तुला विचारायला हवं होतं."

"हो गं. मी वाट बघत होते. येशील म्हणून कितीदा तरी पुढची खोली आवरून ठेवली."

भाचीनं ढिगातला एक टॉवेल ओढून घडी घालायला घेतला.

विद्यापीठातल्या मार्गदर्शक बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पण सरकारी नोंदीसमोर एका म्हाताऱ्या माणसाची आठवण टिकणार नाही म्हणाल्या. खुद्द सदस्याची मुलाखत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून भाची रेकॉर्डर घेऊन पुन्हा आत्याकडे गेली. आत्या चांगली साडी नेसून खुर्चीत ताठ बसली. पहिल्या सभेत काय बोललात, असं भाचीनं विचारलं. आत्यानं नळाचं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प झाली.

"हे मला खरंच आठवतंय, की त्यानं तुला सांगितलं म्हणून आठवल्यासारखं वाटतंय, कळत नाही," ती म्हणाली. "खोटं नको जायला माझ्याकडून. बंद कर ते."

भाचीनं बंद केलं.

प्रबंध मंजूर झाला. तक्त्यात आत्याच्या रकान्यात शून्यच राहिलं. कारकुनांचं म्हणणं खाली बारीक अक्षरांत, चार ओळींच्या तळटिपेत गेलं. भाचीनं बांधलेली प्रत आत्याला नेऊन दिली आणि ते पान उघडून समोर धरलं. आत्याचा चष्मा शेजारीच होता. तिनं तो लावला नाही. पुठ्ठ्यावरून हात फिरवत म्हणाली, "किती जाड झालंय गं. दमली असशील."