उलट्या बाटल्या

दार ढकलून ताई आत घुसली ती पायपुसणं फरफटवतच. तिने लॅबमधल्या भावाच्या टेबलावर रिपोर्ट आपटला.

"शून्य? माझ्या बोअरमध्ये हायड्रोजन शून्य?"

भाऊ उठला. आधी त्याने पायपुसणं पायाने सरळ केलं, मग बोलला. लहानपणापासून हा असाच. जगबुडी आली तरी चपला जोडीने लावून मग पळेल.

"ताई, मशीनने दाखवलं ते लिहिलं. थोडा मिथेन आहे. काहीतरी कुजलं की होतोच तो."

"कुजायला तिथे आहे काय? एवढ्या खोलात गवताची काडी गेली नाही, किडा मेला नाही! नुसता काळा दगड. त्यातल्या लोखंडाला गरम पाणी लागलं की हायड्रोजन सुटतो, त्याचाच पुढे मिथेन होतो. किती वेळा सांगू तुला?"

"सांगितलंयस. पण मशीन—"

"खड्ड्यात गेलं तुझं मशीन! दुपारी ते बोअर सिमेंट ओतून बुजवतायत. तुझ्या या कागदावरून! या इंधनापायी उमेदीची सगळी वर्षं घातलीयत रे मी त्या भोकात."

त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो ढकलला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. समोर फळीवर तिच्याच बाटल्या होत्या. एका ओळीत, बुचं वर, लेबलांवरची अक्षरं डोकं खाली.

"या अशा कुणी ठेवल्या?"

"मीच. आल्या तेव्हा सगळ्या उलट्या होत्या. बरं दिसेना. लेबलंही तू उलटीच चिकटवलीयस."

ताईने एक बाटली उचलून उलटी धरली.

"लेबलं बरोबर आहेत, शहाण्या! बाटल्याच उलट्या ठेवायच्या असतात. आत थोडं पाणी सोडलंय ते काय प्यायला? बाटली उलटी असली की ते बुचावर बसतं, गॅसची वाट बंद. हायड्रोजन रबरातूनसुद्धा पळतो! खोक्यावर हातभर बाण काढला होता मी, हातभर!"

भावाकडे एरवी तपासायला कचरा डेपोतला मिथेन यायचा. त्याला उभं-आडवं सगळं चालतं. तो बाटल्यांकडे बघत राहिला. कान लालबुंद झाले. 'चुकलं' हा शब्द घरात त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. बायकोने तर नादच सोडला होता.

त्याने फोन उचलून बोअरवरच्या माणसांना लावला.

"सिमेंट थांबवा. रिपोर्ट चुकलाय... नाही, तिची नाही. चूक लॅबची." तो थांबला. "माझी. हो, लेखी देतो."

फोन ठेवून तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत थांबतील. छोटं मशीन घेतो, तिथेच मोजू."

"उपकार झाले!" ताईचा आवाज खाली आला नव्हता. "गाडीत बस. आणि वाटेत तोंड उघडलंस तर उतरवून देईन."

ती बाहेर पडली तीही पायपुसणं लाथाडूनच. एका हातात मशीन, काखेत रिकाम्या बाटल्यांचं खोकं घेऊन भाऊ मागोमाग निघाला. दाराशी ते तिरकं पडलेलं पायपुसणं त्याने पाहिलं, आणि ते ओलांडून तो जिना उतरू लागला.