अजून किती मंगळवार?

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, अमेरिकेतल्या डुलुथ गावात, मोठ्या सरोवराच्या काठी, बर्नीसबाईंच्या खोलीत मला अठरा वर्षं झाली. बाई मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करतात. सुताराने माझे हात चांगले रुंद केले, म्हणून बाईंनी मला पसंत केलं. आता त्या हातांवरचं पॉलिश लोकांच्या नखांनी खरवडून गेलंय. माझ्यावर स्वस्थ कोणी बसतच नाही.

सगळ्यांत चुळबुळ्या म्हणजे टोयवो लेहतो नावाचा माणूस. शाळेची बस चालवायचा. जानेवारीत बस बर्फावरून घसरून कलंडली. मुलं वाचली, पण एका मुलीचा हात मोडला. तेव्हापासून स्टिअरिंग धरलं की टोयवो थरथरायचा.

मार्चमध्ये पहिल्याच मंगळवारी त्याने विचारलं, "बाई, किती वेळा यावं लागेल? आकडा सांगा."

"पुष्कळांना पंधरा-वीस वेळांत फरक पडतो. कुणाला लवकर, कुणाला वर्षही लागतं. दर महिन्याला किती फरक पडला ते आपण मिळून बघू."

"माझा मेकॅनिकसुद्धा तारीख देतो!"

"तो बॉनेट उघडून बघतो हो. तुम्ही अजून कोटही काढला नाहीत."

तो हसला, पण पाय हलतच राहिले. आठव्या मंगळवारी ताडकन उठला. "बायको रोज विचारते, बरं वाटतंय का? काय सांगू तिला?" दार आपटून गेला. पुढचे दोन मंगळवार मी रिकामी. मीच कुरकुरले असेन का, या विचाराने मला चैन पडेना.

तिसऱ्या मंगळवारी तो आला आणि बसता बसताच म्हणाला, "ती मुलगी दुकानात भेटली. प्लॅस्टर निघालंय. मला बघून हसली. मी सामान टाकून पळालो, बाई." आणि माझे हात घट्ट धरून तो ढसाढसा रडला.

खरं काम त्या दिवशी सुरू झालं. उन्हाळ्यात त्याने रिकामी बस शाळेच्या आवारात फिरवली, मग गावातल्या पुलापर्यंत नेली. एकदा अर्ध्यातून परतला. त्या आठवड्यात त्याने माझ्या कापडाची शिवणच उसवली.

सप्टेंबर उजाडला. "उद्यापासून मुलं घेऊन निघतोय," तो म्हणाला. "भीती गेलेली नाही."

"असू दे. महिन्याने या."

मित्रांनो, मला नवं कापड नको. पण तुमच्या घरातलं कोणी अशा उपचारांना जात असेल, तर त्याचे आठवडे मोजू नका. घरी परतल्यावर लगेच काही विचारू नका. नुसतं शेजारी बसा.