थांबलेला पंखा

माझी जीभ तिखट आहे हे सगळं वर्कशॉप जाणतं. त्या दिवशी मी ती बाबांवर चालवली, तीही चारचौघांत.

बाबा चाळीस वर्षं अवजड इंजिनांचे मिस्त्री. डंपरच्या इंजिनाला गार ठेवणारा, पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून मी त्या जागी कॉम्प्युटरच्या हुकमावर फिरणारा बसवत होते, तेव्हा ते हसले. "इंजिनाला ताप आला की नाही, हे आता वायर सांगणार होय?"

"बाबा, तुम्ही आता घरीच बसा," मी फाडकन म्हणाले. पोरं खिदळली. बाबा पाना ठेवून निघून गेले.

मग नऊ दिवस अबोला. घर एक, वर्कशॉप एक, पण मीठ हवं असलं तरी निरोप आईमार्फत. "मी काय टपालखातं आहे का?" ती वैतागली. तरी मी अडूनच बसले. बापावरच गेलेय ना!

बाबांना कमी ऐकू येतं. आजूबाजूला चार इंजिनं धडधडत असली, की समोरचं चालू आहे की बंद, हे ते पंख्याकडे बघून ठरवतात. पंखा उभा, म्हणजे इंजिन बंद. जुन्या पंख्यांच्या बाबतीत ते खरंच होतं.

दहाव्या दिवशी मी डंपरच्या केबिनमध्ये लॅपटॉप उघडून बसले होते. इंजिन चालू, पण अजून गार, म्हणून पंखा उभा. त्यापुढची जाळी मीच काढून ठेवलेली. एका पाइपाची क्लिप मी घट्ट करायची विसरले होते. ती बाबांना दिसली. माझ्याशी एक शब्दही न बोलता ती आवळायला त्यांनी आत हात घातला, आणि तेवढ्यात इंजिनातलं पाणी तापलं. पंख्याने वेग घेतला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

हॉस्पिटलात मी ढसाढसा रडले. बाबांनी डाव्या हाताने माझं डोकं थोपटलं. "रडू नकोस. तो पंखा कसा चालतो ते सांग बघू."

मी नाक पुसत सांगितलं. पाणी किती तापलंय ते सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो. त्या मानाने कॉम्प्युटर पंख्याचा वेग कमीजास्त करतो. गरज नसली तर पंखा थांबवतो, तेवढंच डिझेल वाचतं. म्हणून पंखा उभा असला तरी इंजिन चालू असू शकतं.

बाबा बँडेजकडे बघत राहिले.

"एवढंच होय?" ते म्हणाले. "दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत गं."