खोलीत दिवा लागला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे हं, सोनोग्राफी मशीनचा! पोटातलं जे बाहेरून दिसत नाही, ते मी दाखवतो. कारखान्यात माझी काच पहिल्यांदा उजळली तेव्हा मला वाटलं, आपण आभाळ होणार. तसा झालोही. माझ्यावर कायम करडे ढग तरंगत असायचे.

मुलांच्या दवाखान्यातली एक अंधारी खोली माझ्या वाट्याला आली. माझ्यावरचं नीट दिसावं म्हणून तिथे दिवा लावायचा नाही, असा रिवाजच होता. डॉक्टरबाई थंडगार जेल आधी तळहातावर कोमट करायच्या, मग हलकेच पोटाला लावायच्या. सुजलेलं अपेंडिक्स मी बरोबर पकडायचो. "याच्या नजरेतून काही सुटत नाही," असं सगळे म्हणायचे आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढायचो.

एकदा भिंगरी आली. हे लाडाचं नाव तिच्या मावशीने ठेवलेलं. पण त्या दिवशी भिंगरी निपचित पडून होती. ताप, उलट्या आणि उजवीकडे पोटात कळा. माझ्यावर आतड्यांभोवती पाणी दिसलं, सुजलेल्या गाठी दिसल्या. अपेंडिक्स मात्र काही केल्या दिसेना.

"अपेंडिक्सच असणार. घेऊ या ऑपरेशनला," सर्जन म्हणाले. सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते. भिंगरीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

तेवढ्यात मावशी म्हणाली, "अहो, जरा दिवा लावता का? ती अंधाराला फार घाबरते हो."

दिवा लागला. माझे ढग फिकट झाले आणि डॉक्टरबाई दचकल्या. "अगं बाई! हिचे डोळे बघा!"

डोळे लालबुंद, ओठ फुटलेले, तळहात सुजलेले, अंगावर पुरळ.

"मागच्या महिन्यात हिला ताप-खोकला झाला होता का?"

"हो ना, घरात सगळ्यांनाच झाला होता."

बाईंनी छाती तपासली. माझ्यावर एवढंसं हृदय दमून धडधडताना दिसलं. मग पुन्हा नेटाने शोधल्यावर अपेंडिक्सही सापडलं, अगदी ठणठणीत! मागच्या महिन्यातला तो ताप-खोकला सरल्यावर अंगभर उसळलेली सूज होती ती. हृदय असं दमलेलं असताना भूल दिली असती, पोट फाडलं असतं, तर... नको, मला बोलवत नाही.

"थोडक्यात वाचलो," सर्जन हातमोजे काढत पुटपुटले. लगेच सूज उतरवणारी औषधं सुरू झाली. बरी होऊन घरी निघाली तेव्हा भिंगरीने माझ्या खोलीच्या दारात एक गिरकी घेतली. मला ती अजून स्वप्नात दिसते.

आता तिथे नवा पडदा आहे आणि मी अडगळीत, चादरीखाली. मित्रांनो, आम्हाला जपा, आमची काच पुसा. पण पोर कण्हत असेल तर आधी दिवा लावा आणि तिच्याकडे बघा. माझ्याकडे मग बघा. मी कुठे पळून जातोय?