विसरणारा ब्राउझर

“सिग्नल असलेली सगळी चित्रं निवडा,” फव्वाजने मोठ्याने वाचलं आणि त्याच दमात कुरकुरला, “निवडली की! तीनदा निवडली. एकेचाळीस वर्षं इर्बिदच्या पोरांना भूगोल शिकवला मी, आणि आता हे डबडं विचारतंय, तू माणूस कशावरून?”

माउस त्याच्या हाताखाली टकटकत होता. करडा, कडेला चहाचा डाग वाळलेला. इन्साफ त्या डागाकडे बघत होती. तो तिनेच पाडलेला, गेल्या महिन्यात, पेला टेबलावर टेकला असं समजून हवेतच सोडून दिला तेव्हा... बोटांना पेला कळलाच नव्हता. ‘जीवनसत्त्वांच्या सलाइनने होतं तसं,’ लेक तहानी म्हणाली होती, आणि नवरा फव्वाज म्हणाला होता, ‘होतं, होतं,’ आणि बापलेकींनी मिळून फरशी इतकी मन लावून पुसली होती, की एका पेल्यात एवढा चहा मावतो तरी का, असं तिला वाटून गेलं होतं.

आज शुक्रवार. टेबलाच्या एका टोकाला संगणक, दुसऱ्या टोकाला वांगी. वांगं एका हातात, सोलणं दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात शेजारणीकडून मागून आणल्यासारखे. वांगी भाजायची होती, तळायची नव्हती. तळलेलं बंद, म्हणजे शुक्रवारची मकलूबा, तळलेल्या वांग्यांचा तो उलटा भात, तीही बंद, कारण आतड्याला सूज आहे. सूज. त्या सुजेसाठी पंधरा दिवसांतून एकदा इस्पितळात जायचं, तेही मागच्या दाराने, कारण पुढे गाडी लावायला जागा नसते. पुढच्या दारावर पाटी असते, हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. जागा नसते म्हणाले, तर नसते.

“याबा, तो काही लक्षात ठेवत नाही म्हणून सारखं विचारतो,” तहानी बापाच्या खुर्चीमागून म्हणाली. “तेच तर चांगलं आहे त्याचं. कुणी पाळत ठेवत नाही, जाहिराती मागे लागत नाहीत. बंद केला की सगळं पुसलं.”

“सगळं म्हणजे माझे पासवर्डसुद्धा! हा अगदी तुझ्या मामावर गेलाय. रोज भेटतो आणि रोज विचारतो, आपण कोण?”

“माझ्या भावाला मध्ये आणू नका, अबू तहानी,” इन्साफ नवऱ्याला म्हणाली. सवयीने म्हणाली, तिचाच आवाज तिला पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

“यम्मा, तूच सांग आता.” तहानीने माउस बापाच्या हातातून काढून घेतला. “एकच ब्राउझर ठेवते, बाकीचे काढून टाकते. कुठला ठेवू?”

कुठला ठेवू... जसं काही ताटात आहेत. जुना चांगला होता. त्याला तिचा चष्म्याचा नंबर ठाऊक असल्यासारखा. पाककृतींचं पान उघडलं की अक्षरं आपोआप बोराएवढी व्हायची, कुठवर वाचलं होतं तेही त्याला आठवायचं. हा नवा, मुलीने तीन आठवड्यांपूर्वी घाईघाईने घातलेला, रोज मुंगीएवढी अक्षरं पुढे टाकतो आणि रोज विचारतो, मान्य आहे? मान्य नाही? मी म्हणते, मान्य. काय मान्य केलं ते वाचत नाही. हल्ली बरंच काही मी असंच...

जुन्याचा दोष एकच, तो विसरत नसे. तहानीने ज्या दिवशी रिपोर्टची पानं मोठ्या पडद्यावर बघितली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मसुराच्या सूपाखाली टोपांची जाहिरात आली. केसांचे टोप, तपकिरी, काळे, मेंदी लावल्यासारखे. इन्साफला हसू आलं होतं. बिचारी कुणी असेल, तिच्यासाठीची आपल्याकडे चुकून आली... मग तिने सूपासाठीच पुढचं काही शोधायला एक अक्षर टाकलं, आणि तो जुना, गुणी, काहीच न विसरणारा, खाली आपणहून पुरं करून मोकळा झाला — ‘आईला कॅन्सर आहे हे तिला सांगावं का’. त्याखाली ‘आणखी किती महिने’. त्याखाली, बहुधा मध्येच भूक लागली असावी पोरीला, ‘आसपास पिझ्झा घरपोच’.

तेव्हा रडू यायला हवं होतं. तिने वाटही बघितली, बस येईल म्हणून थांब्यावर बघतात तशी. आलं नाही. तिने खिडकी बंद केली, मसूर दोनदा धुतले, आणि संध्याकाळी तहानी घरी आली तेव्हा लेकीचे सुजलेले डोळे बघून म्हणाली, ‘यम्मा, कामाचा ताण घेतेस तू.’ इथे आया लेकींनाही यम्माच म्हणतात; कोण कुणाची आई, याचा त्यामुळे पत्ता लागत नाही, आणि गेले तीन आठवडे तर दोघी एकमेकींना आळीपाळीने निजवल्यासारख्या...

“काय गं यम्मा, कुठला?”

“तुला बरा वाटेल तो.”

“जुन्यातलं सगळं नव्यात आणायचं का, विचारतोय हा. नको ना?”

“नको कशाला?” फव्वाज म्हणाला.

“नकोच,” तहानी फार पटकन म्हणाली. “मी चहा आणते.” आणि गेली. स्वयंपाकघरात पेले उगाच जास्त वाजले.

तिसरा एक होता, हे तहानीच्या लक्षातही नव्हतं. निळा, संगणकाबरोबर आलेला, कपबश्यांच्या सेटबरोबर येणाऱ्या मीठदाणीसारखा, कधीच कुणी न वापरलेला. इन्साफने वापरला होता. एकदाच. घर रिकामं असताना, अकराच्या उन्हात, एक प्रश्न टाकला होता, आणि उत्तर यायच्या आत बंद केला होता. पुसायचं कसं, ते तिला येत नव्हतं.

“हा निळा कुणाचा?” फव्वाजने तोच उघडला. “बघ, हा काही विचारत नाही. खानदानी दिसतो. आज मॅच किती वाजता आहे, बघू...”

थांबवता आलं असतं. ‘अहो’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं, सोलणं खाली पाडलं असतं तरी. इन्साफने वांग्याची साल एक पट्टा सोडून एक, अशी काढत आणली होती, तळायच्या वांग्याची काढतात तशी, आणि ती पट्टे बघत राहिली.

त्याने एक अक्षर टाकलं. पडद्यावर येईल ते मोठ्याने वाचायची त्याची खोड. वर्गात फळा वाचून वाचून लागलेली.

“आतड्याचा कॅन्सर असलेल्या...”

तहानी दारात होती, हातात ट्रे.

“जाहिरात आहे ती,” ती म्हणाली. “याबा, बंद करा. हल्ली काहीही येतं.”

पेल्यांतल्या चहातून सेजच्या पानांचा वास येत होता. वाचताना पोरगं अडखळलं की फव्वाज त्याला कधी अडलेल्या शब्दापासून पुढे जाऊ देत नसे. म्हणे, वाक्य पहिल्यापासून. त्याने चष्मा वर सरकवला. पहिल्यापासून वाचलं, सावकाश, एकही शब्द न गाळता.

“आतड्याचा कॅन्सर असलेल्या बाईला मकलूबा चालते का.”

मग तो पडद्याकडून वळला.

“तुला कॅन्सर आहे, इन्साफ.”

इन्साफ. तहानी जन्मल्यापासून ती याच्या तोंडी उम्म तहानी, तहानीची आई, होती. ती पुन्हा वाट बघत बसली. आता कोसळेल, आता... काही कोसळलं नाही. फक्त सोलण्याची धार कुठे आहे ते अंगठ्याला कळलं, अगदी अंधूक, मुंग्यांच्या आडून. आणि त्या दिवशी जे उत्तर तिने न बघताच बंद केलं होतं, ते तिला आता, या क्षणी, खरोखर हवं होतं.

“मग?” ती म्हणाली. “पुढे वाचा ना. चालते का?”