बुवाचं गाऱ्हाणं आणि क्लचचं रबर

असल्फ्याच्या टेकडीवर त्या रविवारी सकाळी एवढी गर्दी लोटली, की दूधवाल्याला सायकल डोक्यावर घेऊन वाट काढावी लागली. गर्दी कशाला? तर एका जुन्या पिकअपच्या अंगातलं भूत काढायला! माणसांच्या अंगात येऊन येऊन भुतं कंटाळली असावीत, म्हणून नितेशबुवाने त्यांची सोय आता मालवाहू गाड्यांत करून दिली होती. देवळाच्या कट्ट्याला त्याची पाटी टेकवलेली होती, लाल ऑइलपेंटने लिहिलेली: 'श्री नितेशबुवा, वाहनबाधा निवारण'. पाटीशेजारी बुवा स्वतः रेशमी उपरणं सावरत उभा. कपाळभर भस्म, हातात पितळी कमंडलू, आणि चेहऱ्यावर असा भाव, की देव याच्याकडे पगारी कामाला आहे.

पिकअप सहदेवची. घाटकोपर ते मुलुंड मांडवाचे बांबू, कनाती, खुर्च्या वाहायचा तो. आज तो स्टिअरिंगवर घामाघूम होऊन बसला होता, आणि गाडीच्या तोंडासमोर, डाव्या चाकाच्या रेषेत, हातभर अंतरावर, लाकडी पाटावर त्याची बायको रेवती उभी होती. अनवाणी, केस मोकळे, ओंजळीत लिंबू. बुवाच्या ताम्हणात तिचं मंगळसूत्र काढून ठेवलेलं, आणि त्याच्या शेजारी तिचं ड्रायव्हिंग लायसन.

हो, लायसन. सगळं रामायण तिथूनच सुरू झालं होतं.

ऐन गणपतीच्या हंगामात सहदेवला कावीळ झाली. बिछान्यावरून उठवेना. तेव्हा ही रेवती गाडी घेऊन बाहेर पडली. गल्लीतल्याच तेजलने तिला गाडी शिकवली होती. तेजल आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेते. रेवतीने सगळा हंगाम एकटीने ओढला, चूल पेटती ठेवली, नवऱ्याला उसाचा रस पाजला. सहदेवने कौतुकाने गाडीच्या दारावर लाल रंगात तिचं नाव काढून घेतलं. आणि तो बरा होऊन पुन्हा गाडीवर बसला, तर चढावर पहिला गिअर पडेना. खर्रर्र आवाज, आणि दांडा जागचा हलायला तयार नाही.

आता शहाणा माणूस मिस्त्रीकडे जातो. सहदेव बुवाकडे गेला.

बुवाने पहिलाच प्रश्न टाकला, "ह्या सीटवर बाईमाणूस बसला होता?"

सहदेवचे डोळे विस्फारले. एवढं याला कळलं कसं! अरे, सगळ्या असल्फ्याला ठाऊक होतं, चहाच्या टपरीवर महिनाभर दुसरा विषय नव्हता.

मग बुवाने गाऱ्हाणं घातलं. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. गिरणगावातून इथे आलेली ही सगळी मालवणी घरं, देवापुढे एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी साथ द्यायची ही रीत त्यांच्या रक्तात. बुवाने त्या रीतीला एक शेपूट जोडलं होतं: दर 'व्हय म्हाराजा'ला ड्रायव्हरने क्लच दाबून सोडायचा. "देवाक पायान नमस्कार घालूचो, समाजलंय?" गाऱ्हाणं संपलं, आणि गिअर लोण्यासारखा पडला! बायकांनी हात जोडले, पुरुषांनी टाळ्या पिटल्या. त्यावर कडी म्हणून बुवाने कमंडलूतलं तीर्थ दारावरच्या नावावर ओतलं, वर फडकं झाकलं, आरती म्हणवून घेतली आणि फडकं ओढलं. 'रेवती' गेलं! फडक्यावर नुसता लाल चिखल.

"नाव टिकला नाय," बुवा म्हणाला. "देवान कौल दिल्यान."

त्याच दुपारी सहदेवने बायकोला तिच्या भावाकडे बोरिवलीला पाठवलं. चुलीवर भात अर्धा शिजलेला होता. "मी काय केलं रे?" तिने दारात विचारलं, तर हा शहाणा काय म्हणाला? "मला नको विचारू. गाडीला विचार."

आठवडाही धड गेला नाही आणि गाडी पुन्हा अडली. बुवाने निदान केलं, बाधा मुळापासून तोडायला हवी. बाईला गाडीपुढे उभी कर, मंगळसूत्र उतरव, देवासमोर तिच्याशी नातं तोड, मग गाडी जन्मात अडणार नाही. सहदेवने निरोप धाडला, आणि भाऊ स्वतः बहिणीला आणून सोडून गेला. घरात ठेवून घ्यायला तोही फार उत्सुक नव्हता.

"बा देवा म्हाराजा!" बुवाने सूर लावला. "ह्या गाडयेवर कोणाचो वायट पाय पडलो आसात, तर तो दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी ओरडली. सहदेवने क्लच दाबला. मागून कोणीतरी रेवतीच्या दिशेने चप्पल भिरकावली. ती तिच्या खांद्याला लागून पडली. सहदेवने पाहिलं, आणि नजर पुन्हा पेडलवर नेली.

तेवढ्यात गर्दी फाडत तेजल आली. तिने रेवतीचा दंड धरला आणि तिला पाटावरून बाजूला ओढलं. मग ती सहदेवकडे वळली.

"अक्कल गहाण टाकलीस का रे? क्लच सुटत नाही त्या गाडीसमोर माणूस उभा करतोस?"

"बाई, बाजूक व्हा!" बुवा गरजला. "गिअरबॉक्सात बाधा बसली हा!"

"बसू दे. सहदेव, इंजिन बंद कर. आता टाक गिअर."

सहदेवने टाकला. पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळे अलगद पडले.

"इंजिन चालू कर. आता टाक."

खर्रर्र.

"काय हो बुवा, इंजिन बंद केलं की तुमचं भूत जेवायला जातं का?" गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. "गिअरबॉक्स ठणठणीत आहे. क्लच पूर्ण सुटत नाही, एवढंच. उतर रे खाली, मी बसते."

"बाईचा पाय!" एक म्हातारी किंचाळली.

"पायच लावायचाय आजी. समोरून सगळे बाजूला व्हा. गाऱ्हाणं मी घालते, तुम्ही फक्त साथ द्या." तेजलने घसा साफ केला. "बा देवा म्हाराजा! भेंडी लय महाग झाली रे म्हाराजा!"

सवय वाईट असते. पन्नास तोंडांतून आपसूक निघालं, "व्हय म्हाराजा!" तिने क्लच दाबून सोडला.

"नळाला पाणी येत नाही रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बुवाला अंघोळीची गरज आहे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता पोरंटोरं खिदळत होती. तिने दांडा ढकलला आणि गिअर लोण्यासारखा पडला. भेंडीच्या कृपेने!

"आता नीट बघा. माझा पाय क्लचवर आहे, तळापर्यंत दाबलेला. मी सोडत नाही."

गाडी क्षणभर उभी राहिली. मग कोणी हात न लावता हळूच पुढे सरकली. पाटापर्यंत गेली. चाक पाटावर चढलं आणि पाट काडकन मोडला. त्याच पाटावर मघाशी रेवती उभी होती.

तेजलने ब्रेक मारून इंजिन बंद केलं. आपला पाय, आपली गाडी, आणि त्या पाटावर आपली बायको, हे सहदेवच्या डोक्यात आत्ता कुठे शिरलं.

"गाडीखाली जा," तेजल म्हणाली. "गिअरबॉक्सच्या बाजूला एक छोटा सिलिंडर आहे. त्याची रबरी टोपी चाचपून बघ."

तो आडवा होऊन आत सरकला. टोपी चिंब ओली होती, बोटांना तेल लागलं.

"तू पेडल दाबतोस ते तेलावर, आणि ते तेल क्लच सोडवतं. आतलं रबर झिजलंय, तेल गळतंय, म्हणून जोर पोहोचत नाही. भराभर दाबलं की जोर साठतो, गिअर पडतो. पाय धरून ठेवलास की तेल गळून जातं आणि गाडी आपली निघते. गळती वाढली म्हणून आठवड्यात पुन्हा अडली. ह्या बुवाने वायरवर चालणाऱ्या क्लचची एक तरी गाडी बरी केलीय का, विचारा."

"माझ्या टेम्पोचा वायरचा क्लच," गर्दीतून चैतन्य टेम्पोवाला बोलला. "हा म्हणाला, तुझं भूत हट्टी आहे, अमावास्येला ये."

"म्हणणारच. हा गोव्याच्या रस्त्यावर ट्रकवर क्लीनर होता. त्याला सगळं माहीत आहे. सहदेव, बोटाचा वास घे. आता ह्या तीर्थाचा घे."

सहदेवने कमंडलूत नाक घातलं. तोच वास. ब्रेक ऑइल.

"क्लचला हेच लागतं, आणि हे रंग खातं. स्पेअर पार्टच्या दुकानात कोणालाही विचार." तिने कमंडलू हिसकावून बुवाच्या पाटीवर रिकामा केला, त्याचंच उपरणं त्यावर झाकलं. "म्हणा आरती. सावकाश म्हणा, घाई नाही."

आरती राहिली बाजूला. सगळे माना ताणून पाटीकडे बघू लागले. बुवा मागच्या मागे सटकू बघत होता, चैतन्यने त्याचं मनगट धरलं. थोड्या वेळाने तेजलने उपरणं घासून ओढलं. 'श्री नितेशबुवा, वाहन' एवढं त्यात निघून आलं. पाटीवर उरलं 'बाधा निवारण'.

झालं! ज्या गर्दीने मघाशी चप्पल फेकली होती, तीच आता बुवावर धावून गेली. लोकांना कोणीतरी मारायला हवं होतं, एवढंच. बुवाने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि त्याची मालवणी पार पळाली. "मारू नका ना साहेब, पोटासाठी केलं!"

"हात खाली!" तेजल ओरडली. "त्याला पोलीस नेतील, त्यासाठी कायदा आहे. तुमचं काय? गाडी अडली तर बॉनेट उघडायचं, मिस्त्रीला दाखवायचं, का अडली ते विचारायचं. एवढं साधं तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. बाई उभी करायचं मात्र लगेच सुचलं."

चप्पल फेकणारा आपली चप्पल उचलायलाही पुढे आला नाही.

सहदेव ताम्हणाकडे गेला. त्याने मंगळसूत्र उचललं, ओंजळीत धरलं आणि रेवतीसमोर उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, दोन्ही खरं होतं.

"चुकलो गं. नवीन रबर टाकतो, दारावर नाव पुन्हा काढून घेतो. घरी चल ना. येशील ना?"

रेवतीने ओंजळीतलं लिंबू खाली टाकलं. केस बांधले. मग ताम्हणातलं लायसन उचललं, पदराने पुसलं आणि ब्लाउजमध्ये ठेवलं. मंगळसूत्राकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"मला नको विचारू," ती म्हणाली. "गाडीला विचार."

आणि तेजलच्या मागोमाग ती टेकडी उतरून गेली. सहदेव तिथेच उभा राहिला, बोटांना अजून तेलाचा वास येत होता. ते रबर त्याने दुसऱ्या दिवशी बदललं. अंगठ्याएवढं होतं, खिशातही मावलं असतं. गाडी आता झकास चालते. चालवताना शेजारची सीट मोकळी असते.