हिरडीवरची रेघ

"दाबा बाई, अजून दाबा," धर्मराज म्हणाला. "दाबला का बरा वाटतो."

तो बाकावर गुडघे छातीशी घेऊन पडला होता. वैजयंतीचा हात त्याच्या पोटावर होता, तो तिथेच थबकला. आत कुठे सूज असली तर माणूस बोटही लावू देत नाही. हा तर दाबा म्हणत होता. सव्वीस वर्षांचा गडी, भाताचे भारे हसत उचलणारा. आता पोट खपाटीला गेलेलं आणि फळीसारखं कडक.

"परसाकडे कधी झाली होती?"

"पाच दिस झाले."

"एरंडेल घेतलंस ना?"

"घेतला. पयला चालायचा. आता त्यो बी हरला."

महिन्यातली ही तिसरी खेप. तिने ओवा-हिंग-सैंधव गरम पाण्यातून दिलं, पोट शेकलं. तासाभराने तो भिंत धरून उठला आणि दुपारपाळीला निघाला. दारात वळून म्हणाला, "तोंडान सारका गोड लागतंय, बाई. काय न खाता."

वैजयंतीने ते वहीत लिहून ठेवलं. त्या ओळीपुढे तिने फुली मारली. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

वैजयंती साताऱ्याकडची. आयुर्वेदाची पदवी घेतलेली, आणि नवऱ्याच्या, सुधीरच्या नोकरीपायी वाशीच्या नव्या फ्लॅटात येऊन पडलेली. सोसायटीतल्या बायका साध्या पडशालाही इंजेक्शनवाल्या डॉक्टरकडे जात. म्हणून तीन वर्षांपूर्वी, ऐंशी साली, तिने पावणे गावात हिरामणची खोली भाड्याने घेतली. हिरामणची शेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती. त्याने चाळी बांधल्या आणि गावातली पोरं कारखान्यांत लावून देण्याचं काम धरलं. धर्मराज त्याचा सख्खा पुतण्या.

गावाने तिला हळूहळू आपलं म्हटलं. आम्लपित्त, मूळव्याध, दमा, गुडघे धरणं, ही जन्माची दुखणी घेऊन लोक येत आणि ती त्यांच्याशी घरच्यासारखी भांडत. "केशरबाई, सुकट बंद केल्याशिवाय काढा देणार नाही," असं म्हणून तिने केशरबाईंचं दहा वर्षांचं पित्त आटोक्यात आणलं होतं. मोठं काही नाही. पण संध्याकाळी बसने घरी जाताना तिला बरं वाटे.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर मात्र तिची औषधं हरायला लागली. आधी धर्मराज, मग त्याच्याच पाळीतले चौघे. सगळ्यांना तेच: पोटात पीळ, मळाचे खडे, सांधे ठणकणं, चेहरा राखेसारखा. तिने त्रिफळा दिला, हरीतकी दिली, बस्ती दिल्या. चार दिवस बरं वाटे आणि दुखणं पुन्हा दारात. अशक्तपणा फार, म्हणून धर्मराजला मध्यंतरी पंधरा दिवस त्रिवंग भस्माच्या पुड्याही दिल्या होत्या. पाचही जण एकाच शेडमध्ये कामाला होते. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत आणि नव्या प्लेटा ओतत.

शिसं. धर्मराज येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी गव्हातले खडे निवडताना तिच्या हातातून सूपच सुटलं. कॉलेजात भस्मं शिकवणारे गुरुजी आठवले. ते शिसं वितळवायला बसले की मुलांना उघड्या वाऱ्यात, दूर उभं करत. "शुद्ध केल्यावर हा नाग, म्हणजे शिसं, औषध आहे," ते म्हणत, "पण कच्चा पोटात गेला की आधी तोंड गोड करतो, पोट बांधतो, मग रक्त पितो, मग हात तोडतो. याचा धूर घ्याल तर मीही वाचवू शकणार नाही."

त्याच दिवशी तिने धर्मराजला खिडकीशी उभं केलं. "ओठ वर कर."

दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठाने, कुणी शाईच्या टाकाने ओढावी तशी बारीक निळी-काळी रेघ होती.

तिने कारखान्याच्या डॉक्टरांना साधी, अदबीची चिठ्ठी लिहिली: कामगारांच्या अंगात शिसं जात असल्याची शंका आहे, कृपया रक्त तपासावं. धर्मराज ती चिठ्ठी घेऊन गेला. तीच तिच्यावर उलटली.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "या बाईकडून तू काय काय घेतलंस?" धर्मराज सरळ माणूस. त्याने खिशात राहिलेली पुडी काढून दाखवली. डॉक्टर म्हणाले, "यातच आहे शिसं. भस्म म्हणतात याला. कारखान्याच्या माथी कशाला मारता?"

हे पावणे गावात पसरायला अर्धा दिवस पुरला. धर्मराजची आई शेवंताबाई पदर खोचून दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

"माझे पोराला इख दिलंस ना तू? शिकलेली बाय म्हनून आमी इश्वास ठेवला!"

"शेवंताबाई, आधी ऐकून तरी घ्या..."

"काय नाय ऐकायचा! माझे घरान कोनाला औषीद देशील तर बघ."

हिरामण आला तो तावातावाने नाही, हसत आला. तेच वाईट होतं. "म्याडम, तुमचा काय दोष म्हनत नाय मी. पन पोरा घाबरलीत, शेडवाला शेठ बी तापलाय. महिनाअखेर खोली मोकली करा. उगाच टेन्शन कशाला?"

"हिरामणभाऊ, तुमचा पुतण्या आहे तो."

"म्हनून तर कामाला लावला त्याला," हिरामण म्हणाला आणि कुलूप केवढं लागेल ते बघावं तसा कडीकोयंड्याकडे बघत उभा राहिला.

सुधीर संध्याकाळी म्हणाला, "सोड ना तो दवाखाना. उद्या तुझं रजिस्ट्रेशन गेलं तर?" तिला रजिस्ट्रेशनचं भय नव्हतं असं नाही. पण त्याहून मोठं भय निराळंच होतं. डॉक्टर खोटं बोलला नव्हता. त्रिवंगात शिसं असतंच. ते नीट मारलेलं, म्हणजे भाजून निर्विष केलेलं होतं, बाटलीवर चांगल्या कारखान्याचं नाव होतं; पण आत काय आहे हे तिने स्वतः कधी पाहिलं होतं? तीन वर्षं विश्वासाने तिने पुड्या बांधल्या होत्या.

तिने वही काढली आणि पानन् पान चाळलं. त्रिवंग एकट्या धर्मराजला दिलं होतं. बाकी चौघांना नाही. तरी मन म्हणे, वहीत लिहायचं राहिलं असेल. एखादी पुडी चुकून दिली गेली असेल. रात्रंदिवस तेच. ज्याने तिच्याकडून कणभरही काही घेतलेलं नाही असं माणूस तिला हवं होतं, आणि ते माणूस न मागता आलं.

धर्मराजची बायको सखू. ती सासूच्या चोरून, पाण्याला जायच्या निमित्ताने मागच्या दाराने आली. हंडा कडेवरच होता.

"बाई, मना तिसरा महिना हाय. आधीचे दोन गेले. पोटान आता बी दुखतंय. आत्याबाय तर म्हनते तुमच्याकडं जायचाच नाय."

"कधी काही औषध घेतलंस माझ्याकडचं?"

"कवाच नाय. आत्याबाय बायकांना औषीद घेऊन देते व्हय?"

वैजयंतीने तिला उजेडाकडे वळवलं आणि ओठ वर करायला सांगितलं. रेघ होती. धर्मराजएवढी गडद नाही, पण होती.

क्षणभर, फक्त क्षणभर, वैजयंतीला सुटल्यासारखं वाटलं. आपण नाही केलं हे. आणि लगेच त्या सुटकेची तिला लाज वाटली.

"सखू, तू शेडवर जातेस?"

"नाय. ह्यांचे कपरे धुतेन ना मी. लय धूल असते. झटकताना नाकातोंडान जाते. पोत्याने शेडवरची राख बी आनलेली त्यांनी, आंगन चोपायला. मऊ बसते."

वैजयंतीने तिला समजावलं, आजच्या आज माहेरी जा, कपडे हातात धरू नकोस, ती राख दूर खड्ड्यात पुरायला सांग. सखू मान डोलवत राहिली. माहेरी जाणं तिच्या हातात नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

वैजयंती स्वतः धर्मराजला मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात घेऊन गेली. रक्त दिलं. परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "काम सोड, धर्मराज. कारण सोडल्याशिवाय माझंच काय, कुणाचंच औषध चालायचं नाही."

तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर खाडीच्या कडेने भराव पडत होता; मातीचे डंपर रांगेने उभे होते.

"जमीन गेली. मिठागर गेला. खारीन मच्छी नाय रायली," तो म्हणाला. "सोरून जाऊ कुठं, बाई?"

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत दोन गोष्टी झाल्या. सखूचा गर्भ गेला, हा तिसरा. आणि एका सकाळी धर्मराज जेवायला बसला, घास उचलायला गेला, तर उजवं मनगट खाली लोंबलं ते वर येईना. बोटं हलत होती, पण पंजा तुटल्या फांदीसारखा लटकत होता.

रिपोर्टात आकडा होता, आणि खाली इस्पितळाच्या डॉक्टरांनी इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं: शिशाची विषबाधा, धंद्यातून आलेली. वैजयंतीची खोली तोवर बंद झाली होती. कागद घेऊन ती शेवंताबाईच्या घरी गेली. आत जावं की नाही ते न कळून अंगणाबाहेरच उभी राहिली. अंगण काळसर, मऊ चोपलेलं होतं.

शेवंताबाईने तिला पाहिलं. वैजयंतीने तिथूनच कागदातलं सांगितलं, राखेचंही सांगितलं. शेवंताबाई उठली, घरातून फावडं आणलं आणि अंगण उकरायला लागली. म्हातारी बाई, धाप लागत होती, तरी थांबेना. वैजयंती पुढे झाली तेव्हा म्हणाली, "तू हात नको लावू बाय. माझे हातानी चोपलेला हाय." पुरती जमीन उकरून झाल्यावर तिने ओटीवर चटई टाकली. "हितं बस. लोकांना हितंच बघ तू. हिरामनला मी सांगते."

वैजयंतीने तक्रार लिहिली. कारखाने तपासणारे साहेब जबानी घ्यायला आले, ते त्याच ओटीवर. गाव भोवती जमलं, पण लांब. कारण हिरामणही आला होता आणि खांबाला टेकून कोण काय बोलतो ते ऐकत होता. पलीकडे शेडच्या धुराड्यातून पिवळट धूर चालूच होता. आजारी पाचांच्या जागी दिघा गावाहून नवे पाच जण आणलेले; त्यांची पाळी सुरू झाली होती.

आधी वैजयंती बोलली. तिने पिशवीतून त्रिवंगाची बाटली काढून साहेबांपुढे ठेवली.

"यातलं औषध पंधरा दिवस मी धर्मराजला दिलं. हेही तपासा. दुखणं याने झालं नाही, कारण त्याच्या बायकोने हे कधी घेतलेलं नाही आणि तिलाही तेच झालंय. पण यानं भर घातली नसेल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तसंच लिहून घ्या."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, हे लिहिलं तर तुमच्यावरच शेकेल. कारखान्याचा वकील हेच पकडेल."

"लिहा."

वकिलाने तेच पकडलं. तक्रार दोन वर्षं फिरत राहिली. वैजयंतीला खुलासे द्यावे लागले, तीनदा मुंबईला बोलावलं गेलं. रजिस्ट्रेशन राहिलं, पण भस्माची बाटली तिने पुन्हा कधी उघडली नाही. शेड काही महिने बंद राहिली, मग रबाळ्याच्या बाजूला दुसऱ्या नावाच्या पाटीखाली सुरू झाली. हे सगळं पुढे झालं. त्या दिवशी ओटीवर यातलं कुणालाच माहीत नव्हतं.

वैजयंतीनंतर धर्मराजची पाळी आली. तो खालच्या आवाजात बोलला: भट्टी कुठे होती, धुराला खिडकी नव्हती, तोंडाला बांधायला फडकं मागितलं तर काय उत्तर मिळालं. हिरामण खांबापाशी दोनदा खाकरला. दुसऱ्या खेपेला धर्मराजने त्याच्याकडे वळून पाहिलं, आणि पुढचं वाक्य आधीपेक्षा मोठ्याने सांगितलं.

जबानी लिहून झाली. साहेबांची नजर त्याच्या मांडीवर पडलेल्या पंजाकडे गेली. त्यांनी बॅगेतून शाईचा पॅड काढला, झाकण उघडलं आणि हळूच पुढे सरकवला.

"डाव्या हाताचा अंगठा चालेल."

"अंगठा नको, सायेब," धर्मराज म्हणाला. "सातवी शिकलोय मी."

त्याने पेन मागून घेतलं. डाव्या हाताने ते उजव्या बोटांत बसवलं, लोंबणारं मनगट डाव्या मुठीत धरून कागदावर टेकवलं आणि लिहायला लागला. धूर वाऱ्यावर गावाकडे वळला होता, कुणीतरी खोकलं. अक्षरं ओळ सोडून खाली घसरत होती. 'म' वर रफार देताना पेन निसटलं, ते त्याने पुन्हा बसवलं. साहेब घड्याळाकडे न बघता थांबले. वैजयंतीचा हात मदतीला अर्धा पुढे गेला होता, तो तिने मागे घेतला.